छापील अक्षर आणि हातचा रंग

लखनौस बदलून आलो त्या पहिल्याच वर्षी नक्खासच्या रविवारच्या बाजारात एक जुने उर्दू पुस्तक आमच्या हाती लागले. अक्षरांचे वळण इतके सजीव होते की, ही हस्तलिखित पोथीच होय अशी आमची समजूत झाली. दुकानदार हसून म्हणाला, "बाबूजी, छपी हुई है, क़लमी नहीं." ते पुस्तक शिळाछापाचे होते. कातिबाने तेलकट शाईने कागदावर लिहावयाचे, तो मजकूर दगडावर उतरवावयाचा आणि त्या दगडावरून शेकडो प्रती काढावयाच्या, ही ती पद्धत. मुन्शी नवलकिशोर यांनी 1858 साली याच शहरात काढलेल्या छापखान्याने या मार्गाने फार्सी, अरबी आणि उर्दू ग्रंथांचे मोठे भांडार लोकांपुढे ठेवले. यंत्र आले, तरी कातिबाचा हात सुटला नाही.

हात आणि यंत्र यांची अशी सोयरीक युरोपात याच्या पुष्कळ आधी झाली होती. पंधराव्या शतकाच्या मध्यास मायन्झ येथे गुटेनबर्गने सुट्या खिळ्यांनी छपाई सुरू केली, तेव्हा छापील पानातील मोठी आद्याक्षरे आणि शीर्षके प्रायः हातानेच रंगविली जात. या मिश्र कलेचा खरा बहर दिसतो तो पॅरिसमध्ये, सुमारे 1485 पासून पुढच्या चार-पाच दशकांत. तेथील अंत्वान व्हेरार, फिलिप पिगूशे, सिमाँ व्होस्त्र, तिएलमन केर्व्हर या मुद्रकांनी आणि प्रकाशकांनी 'प्रहरांची प्रार्थनापुस्तके' मोठ्या प्रमाणावर काढली. पहाटेपासून निजेपर्यंत दिवसाचे आठ प्रार्थनाकाळ मानलेले. त्या त्या वेळी म्हणावयाची स्तोत्रे त्यात क्रमाने दिलेली असत. पुस्तक धर्मगुरूसाठी नव्हे, संसारी माणसासाठी होते.

आरंभी सणावारांची दिनदर्शिका असे आणि मोठे सण तांबड्या शाईने दाखविलेले असत. पुढील वर्षांच्या ईस्टरच्या तारखांचे कोष्टकही बहुधा जोडलेले असे. छपाईचे साल पुस्तकावर नसले, तर त्या कोष्टकाच्या पहिल्या वर्षावरून अभ्यासक ते अजमावतात. आपल्याकडील पंचांग आणि नित्यपाठाची पोथी एकत्र बांधली तर जे होईल, तेच हे पुस्तक. धनिक गिऱ्हाइकासाठी काही प्रती कागदाऐवजी कमावलेल्या चर्मपत्रावर छापीत. मग त्या चित्रकाराकडे जात. तो छापील चित्राच्या रेषांवर निळा, तांबडा, हिरवा रंग चढवी आणि आद्याक्षरांवर सोने लावी. कधी कधी रंगाचा थर इतका दाट बसे की, खालची छापील रेषा दिसेनाशी होई. यंत्राने स्वस्त केलेले पुस्तक हाताने पुन्हा मोलाचे करावयाचे, असा हा व्यवहार होता. अशा प्रती जगातील मोठ्या ग्रंथालयांत आजही जपून ठेवलेल्या आहेत.

हे सारे आम्ही सांगत आहो ते परदेशाच्या नवलाईसाठी नव्हे. ज्या धर्माची ही पुस्तके, त्याच धर्माचा छापखाना हिंदुस्थानात पहिल्याने उतरला तो गोव्यास, 1556 साली. अबिसीनियासाठी निघालेले ते यंत्र गोव्यातच राहिले. 1578 साली कोल्लम येथे तमिळ खिळ्यांनी ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक निघाले. मराठीची पाळी मात्र आली नाही. सासष्टीत राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटास ही खंत फार होती. 1608 साली रोमला आपल्या श्रेष्ठींस धाडलेल्या पत्रात त्याने या देशीच्या भाषेत आणि लिपीत ग्रंथ छापण्याची इच्छा व्यक्त केली आणि अडचणही सांगितली: युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते, येथे सहाशे साचे पाडावे लागतील. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांचा पसारा ज्याने पाहिला आहे, त्याला हा आकडा अवास्तव वाटणार नाही.

साचे काही पडले नाहीत. 1616 साली रायतूर येथे स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले, ते रोमन लिपीत. 'पुराण' या शब्दातील 'ण' दाखविण्यासाठी 'न'चे रोमन अक्षर दोनदा योजावे लागले. दोन भाग, पंचाण्णव अवस्वरू आणि दहा हजारांवर ओव्या असलेले हे काव्य. भाषा मराठी, रचना ओवीची, कथा बायबलची आणि वेश युरोपीय. 1649 आणि 1654 साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. स्टीफन्सचे कोंकणीतील धर्मशिक्षणाचे पुस्तकही त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, 1622 मध्ये, रायतूरच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

आणि आता मुख्य गोष्ट. 'क्रिस्तपुराणा'च्या या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आजवर हाती आलेली नाही. पॅरिसची पुस्तके राहिली आणि रायतूरचे गेले, हे कसे? आम्हांस असे वाटते की, पॅरिसच्या पुस्तकावर सोने होते, चर्मपत्र होते. ते दागिन्यांच्या पेटीत गेले, वारसाहक्काने उतरले, पुढे ग्रंथसंग्राहकांच्या कपाटात शिरले. रायतूरचे पुस्तक नुसते वाचावयाचे होते. कोकणपट्टीचा पावसाळा, कसर आणि रोजची हाताळणी यांपुढे साधा कागद किती टिकणार? त्यात 1684 साली व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने हुकूम काढला की, गोवेकरांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेवर सत्तेची अशी गैरमर्जी, तिचे पुस्तक चौथ्यांदा कोण छापणार?

तरीही ग्रंथ मेला नाही. त्याला वाचविले ते हातांनी. दक्षिणेत मंगळूरकडे ख्रिस्ती कुटुंबांत या पुराणाच्या नकला होत राहिल्या. तशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे ते रोमन लिपीतच पुन्हा छापले. लंडनमध्ये मार्सडेनच्या संग्रहातील एक देवनागरी प्रत पुढे जस्टिन अ‍ॅबट यांच्या नजरेस आली. अखेर 1956 साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती निघाली. 1608 मध्ये स्टीफन्सने मागितलेली लिपी त्याच्या पुराणाला छापात लाभावयास जवळजवळ साडेतीनशे वर्षे लागली. मराठीच्या थोरवीच्या त्याच्या ओव्या शाळेत आम्ही पाठ केल्या होत्या. पण त्या आमच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचल्या, हे मात्र लखनौस आल्यावर कळले.

येथे कोणी म्हणेल, आता देवनागरी छापाला काय तोटा? कॅरीने श्रीरामपूरहून 1805 साली मराठीचे व्याकरण काढले, गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईस शिळाछापावर पंचांग छापले. तेव्हापासून ही वाट मोकळीच आहे. गोष्ट खरी. शिवाय आपण जेथे नोकरीस आहो, त्या हिंदी मुलखाची लिपीही देवनागरीच. परंतु परप्रांतातील आमच्यासारख्या नोकरदाराच्या घरी काय घडते ते पाहावे. आमचे चिरंजीव येथल्या शाळेत हिंदी झरझर वाचतात. मराठी पुस्तकात 'बाळ' आले की 'बाल' म्हणतात. 'ळ' हे अक्षर त्यांच्या क्रमिक पुस्तकात सहसा भेटत नाही. भाषेवर येथे कोणाचा हुकूम नाही, गैरमर्जीही नाही. केवळ वापर नाही, म्हणून ती जात आहे. हुकुमाशी हुज्जत घालता येते. गैरवापराशी कोणी भांडावे?

आमच्या आईने लग्नात बरोबर आणलेली आरत्या-स्तोत्रांची एक वही आमच्यापाशी आहे. समासाच्या रेघा तांबड्या शाईने तिनेच ओढलेल्या. कडा झिजल्या आहेत, दोन पाने सुटली आहेत. तीतील बहुतेक आरत्या छापील पुस्तकात मिळतात, म्हणून आम्ही ती इतके दिवस ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. रायतूरची हकीकत वाचल्यावर ती वर काढली. आता रविवारी सकाळी चिरंजीवांस पुढ्यात घेऊन आम्ही तिची नक्कल करवितो. दिवसाला एक आरती, अधिक नाही. मजकूर आम्ही सांगावयाचा, लेखन त्यांनी करावयाचे आणि तांबड्या शाईची दौत त्यांच्या ताब्यात. समास आखण्याचा त्यांना भारी उत्साह. परवा 'ळ' लिहिताना त्यांनी त्याचा डावा वाटोळा भाग तांबड्याने भरून टाकला. आम्ही रागावणार होतो. पण पॅरिसच्या त्या चित्रकाराची आठवण झाली आणि गप्प राहिलो.