एका यंत्राच्या पोटांतील अनेक यंत्रें

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलुखांतील शेतकरी भाताचें किंवा नागलीचें बीं एकदम सगळ्या शेतांत टाकीत नाहीं. आधीं तो राब भाजतो, त्या लहानशा तुकड्यांत रोपें वाढवितो आणि पाऊस स्थिरावल्यावर त्यांची लावणी करितो. संकेतस्थळें रचणारे लोकही हाच क्रम पाळतात. जगाला दिसणारीं पानें ज्या दूरच्या संगणकावर नांदतात त्यास सर्व्हर म्हणतात. तेथेंच प्रयोग करीत बसणें म्हणजे उभ्या पिकांत नांगर घालणें होय. म्हणून रचनाकार आपल्याच संगणकांत एक राब तयार करितो. या राबासाठीं जें साधन वापरतात त्याचें नांव व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र. त्याचा इतिहास साठ वर्षांचा आहे आणि तो मुख्यतः टंचाईचा इतिहास आहे.

१९६० नंतरच्या दशकांत संगणक ही खोलीभर पसरणारी आणि अतिशय महाग वस्तु होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सीडीसी ३६०० हें अमेरिकन यंत्र आलें आणि अनेक संस्थांच्या संशोधकांचीं गणितें त्या एका यंत्रावर चालूं लागलीं. छिद्रें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यावयाचा, पाळी येईपर्यंत थांबावयाचें आणि एखादी चूक निघाली कीं पुन्हां रांगेंत उभें राहावयाचें, असा त्या काळच्या संगणकांचा सर्वत्र रिवाज होता. गांवांत खळें एकच आणि मळणी सर्वांची एकदम आली, म्हणजे जी स्थिति होते तीच ही.

याच सुमारास अमेरिकेंत केंब्रिज येथील आयबीएमच्या संशोधनकेंद्रांत रॉबर्ट क्रीसी व त्यांचे सहकारी एका निराळ्या वाटेनें जात होते. यंत्राचा तुकडा प्रत्येकास वांटून देण्यापेक्षां संपूर्ण यंत्र मिळाल्याचा भास प्रत्येकास कां देऊं नये, असा त्यांचा विचार होता. त्यांनीं रचलेली सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७ पासून कामास लागली आणि तिच्यावर एका वेळीं चौदा आभासी यंत्रें चालत. नियंत्रक प्रोग्राम प्रत्येकाला क्षणभर खरें यंत्र देई व लगेच दुसऱ्याकडे नेई. हा फेरा इतका जलद असे कीं कोणासही शेजाऱ्याची चाहूल लागत नसे. एखादी आज्ञा दुसऱ्याच्या कामास बाधक ठरणारी असली, तर नियंत्रक ती मध्येंच अडवी आणि तिचें काम आपण करून देई. १९७२ सालीं आयबीएमनें व्हीएम/३७० या नांवानें ही कल्पना बाजारांत आणिली. १९७४ सालीं पोपेक व गोल्डबर्ग या दोघांनीं असें यंत्र शक्य होण्याच्या अटी शास्त्रीय रीतीनें मांडल्या.

पुढें घरोघरीं स्वस्त संगणक आले आणि या युक्तीचें प्रयोजन संपलें असें वाटूं लागलें. शिवाय या संगणकांतील इंटेलच्या घडणीचा प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हता. कांहीं आज्ञा नियंत्रकास न कळतांच भलतें उत्तर देत. ही अडचण व्हीएमवेअर या १९९८ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें अशा आज्ञा चालत्या कामांतच बदलून दूर केली. २००५-०६ मध्यें प्रोसेसरांतच तशी सोय झाली. २००७ सालीं व्हर्च्युअलबॉक्स मुक्त स्वरूपांत उपलब्ध झालें. २०१० सालीं मिचेल हाशिमोतो यांनीं व्हॅग्रंट प्रसिद्ध केलें. त्यामुळें आभासी यंत्राची सारी मांडणी एका लहान मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवितां येऊं लागली.

आतां राबाची कृति पाहूं. बाहेरच्या संगणकास यजमान व आंतल्यास पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे. ८ जीबी स्मृतीच्या यजमानानें पाहुण्यास २ जीबी दिली तरी शिकण्यास पुरते. पाहुण्याची डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल. तिच्यांत डेबियनसारखें लिनक्स, सर्व्हरचा प्रोग्राम आणि माहितीचा साठा बसवावयाचा. यजमानाच्या ८०८० क्रमांकाच्या द्वारावर आलेली हांक पाहुण्याच्या ८० क्रमांकाच्या द्वाराकडे वळविली, कीं आपलें संकेतस्थळ आपल्याच पडद्यावर उघडतें. मोठा बदल करण्यापूर्वीं यंत्राची स्थिति जतन करून ठेविली, तर बिघाड झाल्यास क्षणांत मागें येतां येतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. उत्तर मातीचें आहे. जगांतील बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, शिकणाऱ्याच्या संगणकावर बहुधा विंडोज असतें. फाइलीच्या इंग्रजी नांवांतील लहान व मोठें अक्षर लिनक्स भिन्न मानतें, विंडोज सामान्यतः मानीत नाहीं. यामुळें घरीं चाललेलें पान तेथें सांपडेनासें होतें. राबाची आणि शेताची माती एक असली म्हणजे रोप लावणींत दगावत नाहीं.

जव्हारच्या दृष्टीनें या इतिहासाचें मोल कोणतें? १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, २०१४ सालीं ठाण्यांतून पालघर जिल्हा निराळा झाला, परंतु रेल्वे जव्हारास आलेली नाहीं आणि घाटांत मोबाइलचा संदेशही मध्येंच तुटतो. ज्या विद्येस अखंड जोडणी लागते ती शिकावयास मुलानें गांव सोडावें, हें मग गृहीतच धरलें जातें. आभासी यंत्र या गृहीतास छेद देतें. एकदां शहरांतून तयार यंत्राची फाइल पेनड्राइव्हवर घालून एसटीनें आणिली, कीं ती शाळेंतील प्रत्येक संगणकावर उतरवितां येते आणि पुढील अभ्यास जोडणीवांचून चालतो. ४ जीबीच्या जुन्या संगणकावर तें रखडतें हें खरें, आणि अखेरच्या लावणीस जाळें लागतेंच. परंतु शिकण्याचा बराचसा काळ राबांतच जातो.

चौदा जणांना एक यंत्र पुरेना म्हणून जी युक्ति निघाली, तीच आज एका मुलास एका यंत्रांत हवीं तितकीं यंत्रें मिळवून देते. टंचाईंतून जन्मलेली विद्या टंचाईच्या मुलुखांतच आधीं पोंचावयास हवी होती. ती अजून तेथें पोंचावयाची आहे, आणि तिला लागणारें सामान आतां एका पेनड्राइव्हांत मावतें.