डहाणू आणि डहाणू रोड : लोकवस्ती व दळणवळण

नाशिकजवळील पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. त्यात त्याच्या दानधर्माची जंत्री देताना इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य नौकांची सोय केल्याचा उल्लेख येतो. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा उल्लेख दळणवळणाच्याच संदर्भातील आहे. नदीवर नौका असणे ही एक गोष्ट आणि मोल न देता तीत बसता येणे ही दुसरी, हा विवेक त्या लेखात आढळतो. डहाणूच्या अर्वाचीन इतिहासाकडे पाहताना तोच उपयोगी पडतो.

‘बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया’ कंपनीचा लोहमार्ग १८६४ साली मुंबईपर्यंत येऊन पोहोचला. जुने डहाणू गाव खाडीच्या मुखाशी, तर लोहमार्ग त्याच्या पूर्वेस. स्थानक गावात नसून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर असले, की त्याच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द जोडण्याचा रेल्वेचा प्रघात होता. वसई रोड, नाशिक रोड, बोर्डी रोड ही नावे त्याच जातीची होत. कालांतराने स्थानकाभोवती बाजार व वस्ती वाढली आणि ‘रोड’ हा रस्तावाचक शब्द न राहता स्थलनामाचा घटक बनला. गाव आणि गाडी यांच्यातील अंतराची ती नोंदच होय.

तथापि हे अंतर केवळ कोसांत मोजून भागत नाही. लोहमार्गाच्या पूर्वेकडील मुलूख मुख्यतः वारल्यांचा. तेथील लाकूड आणि गवत मुंबईस जाई; परंतु ते तोडणारा, कापणारा माणूस सावकार-जमीनदारांच्या वेठीत अडकलेला होता. त्याच्या या अवस्थेची दखल सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या सरकारी अहवालातही घेतलेली दिसते. मालास बाजारपेठ जवळ आली, माणसास मात्र ती दूरच राहिली.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या वतीने वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि त्याच वर्षी पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मिळावी, या मागणीसाठी संप झाला. हंगामात गवत कापले गेले नाही, तर मुंबईस जाणारा मालच अडतो; संपाचे बळ यात होते. ज्या दळणवळणाने आजवर केवळ मालकाची सोय केली, त्याचीच मालकाला असलेली गरज मजुराच्या हाती साधन म्हणून आली. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले.

१९६० साली द्विभाषिक राज्याचे विभाजन होऊन उंबरगाव गुजरातेत गेले. महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून तलासरीचा वेगळा विभाग झाला. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या ४,०२,०९५ असून त्यांपैकी नगरपरिषदेच्या हद्दीत ५०,२८७, म्हणजे सुमारे एक-अष्टमांश लोक राहतात. तलासरी तालुक्याची लोकसंख्या १,५४,८१८ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे नव-दशांश आहे. लोहमार्ग या प्रदेशाच्या पश्चिम कडेने जातो आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीवरून. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निर्माण झाला.

एवढ्यावरून या प्रदेशास दळणवळण सुलभ झाले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु नकाशावरील मार्गाचे सान्निध्य आणि त्या मार्गाचा लाभ या भिन्न गोष्टी आहेत, हे १८६४ ते १९४५ या ऐंशी वर्षांनी पुरेसे सिद्ध केले आहे. म्हणून अशा प्रदेशाचा अभ्यास करताना गाव स्थानकापासून किती दूर, एवढेच विचारणे अपुरे ठरते. गाडीत माल कोणाचा चढतो आणि माणूस कोणत्या अटीवर चढतो, हेही विचारले पाहिजे. उषवदाताच्या लेखातील ‘विनामूल्य’ या विशेषणाचे मोल येथे कळते.