साखरीनाट्याच्या मच्छीमारांना कुणी विचारलं?

जैतापूर म्हटलं की लोकांना जमिनीचं आंदोलन आठवतं. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या गावांच्या जमिनी गेल्या. खाडीपलीकडच्या साखरीनाट्याची जमीन गेली नाही. तिथं वस्ती मुख्यत्वे मुस्लीम मच्छीमारांची. ज्यांचं शेतच समुद्र, त्यांचा सातबारा कुठून येणार? सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॅट, आणि रोज सुमारे ५,२०० कोटी लिटर गरम झालेलं पाणी परत समुद्रात. मग मासळी राहील का, एवढंच ते विचारत होते.

जनसुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली. पर्यावरण अहवालाची मराठी प्रत सगळ्या गावांना वेळेत मिळालीच नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. मी भाषा शिकवतो, म्हणून मला हे जास्त टोचतं. धडा न देता परीक्षा घेतली तर मुलंसुद्धा गप्प बसत नाहीत. २८ नोव्हेंबरला केंद्राने ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली. आठच दिवसांनी दिल्लीत फ्रान्सबरोबर करार झाले.

पण ही मंजुरी पर्यावरण खात्याची. भट्टी सुरक्षित आहे की नाही हे ठरवणारं, परवाना देणारं मंडळ वेगळं: १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ. ते तेव्हा उत्तरदायी कुणाला होतं? अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचे अध्यक्ष कोण? अणुऊर्जा विभागाचे सचिव. आणि जैतापूरला भट्ट्या उभारू पाहणारं महामंडळही त्याच विभागाचं! काझी आणि फिर्यादी एकाच घरचे.

मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडलं. १८ एप्रिलला साखरीनाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. सप्टेंबरमध्ये स्वतंत्र नियामकाचं विधेयक लोकसभेत आलं. ते मंजूर झालं नाही, २०१४ ला लोकसभेबरोबरच संपलं.

ऑगस्ट २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. मंडळाला नियम करण्याचा अधिकार नाही, आणि किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम मोडल्यास दंड जास्तीत जास्त ५०० रुपये, असं त्यात नोंदवलं होतं. शाळेच्या वाचनालयातला एखादा जाड शब्दकोश हरवला तरी याहून जास्त भरावे लागतात.

गावकरी अडाणी आहेत, त्यांना भडकवलं जातंय, असं तेव्हा सर्रास ऐकू यायचं. त्यांच्या शंकेला सरकारच्याच लेखापरीक्षकांनी कागदोपत्री आधार दिला, तेव्हा त्या गोळीबाराला सोळा महिने झाले होते.