परांची उतरवायची राहिली तर?

परवा शनिवारी, चहाला उकळी येईपर्यंत, एक एपीआय उभा केला. रेल्सला सांगितलं, 'पुस्तक' हवंय, त्याला नाव आणि किंमत. एक कमांड मारली, धडाधड फायली तयार. दुसरी मारली, डेटाबेसमध्ये टेबल तयार. खलास!

या कमांडचं नाव स्कॅफोल्ड, म्हणजे आपली परांची. इमारत बांधताना बाहेरून बांबूंची बांधतात ती. काम झालं की उतरवायची. पण खरंच उतरवतो का आपण?

डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रामरने २००४ मध्ये रुबी ऑन रेल्स जगापुढे आणलं. २००५ मध्ये त्याने एका व्हिडिओत पंधरा मिनिटांत ब्लॉग बनवून दाखवला आणि लोक वेडे झाले. डिसेंबर २००७ मध्ये रेल्स २.० आलं. आता स्कॅफोल्ड एचटीएमएलच्या पानांसोबत एक्सएमएलही द्यायला लागलं. म्हणजे एपीआय फुकटात!

फक्त एक गोम होती. बाहेरून जी फील्ड्स येतील ती सगळी हा तयार कोड सरळ रेकॉर्डमध्ये भरायचा. कुठल्या फील्डला बाहेरच्याने हात लावायचा नाही, हे ज्याने त्याने आठवणीने लिहायचं.

येगोर होमाकोव या रशियन तरुणाने २०१२ मध्ये हे रेल्सवाल्यांच्या कानावर घातलं. उत्तराचा सूर असा, की ही जबाबदारी अ‍ॅप लिहिणाऱ्याची. मग ४ मार्चला त्याने रेल्सवरच चालणाऱ्या गिटहबमध्ये तेच भोक वापरलं. आपली पब्लिक की रेल्सच्या खात्याला चिकटवली आणि थेट रेल्सच्या कोडमध्ये एक फाइल टाकून दाखवली. गिटहबसारख्यांना जे आठवलं नाही, ते आपल्याला डेडलाइनच्या रात्री कुठून आठवणार?

जून २०१३ मध्ये रेल्स ४.० आलं आणि नियम उलटा झाला. परवानगी दिलेली फील्ड्सच आत जाणार. आणि ती यादी स्कॅफोल्ड स्वतःच लिहून देतं.

मला वाटतं, खरा धडा हाच. 'हे तात्पुरतं आहे, नंतर बदलू' असं आपण सगळेच म्हणतो, आणि तोच प्रोटोटाइप पुढे वर्षानुवर्षं प्रॉडक्शनमध्ये चालतो. त्यामुळे परांची बांधणाऱ्याने, लोक त्यावरच राहायला येणार आहेत, हे धरूनच ती बांधावी.

माझ्या शनिवारच्या कोडमध्येही ती यादी होती. मी न लिहिलेली. पुढच्या वेळी कमांड मारलीत, की तुमच्यातली ती ओळ उघडून नक्की बघा.