पुरलेले धन आणि कान्हेरीची वाट

जमिनीत धन कोण पुरतो? ज्याच्याजवळ ते असते तो. ही गोष्ट इतकी उघड आहे की, इतिहास शिकवताना आम्ही ती विसरतो. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४६ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा साठा सापडला. त्यात पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी रोमन मूर्ती होती, आरसा होता, सुरई होती. जोडीला इथल्या घडणीच्या वस्तू होत्या. घाटावरच्या कुणा धनिकाला परदेशी जिनसांची हौस होती, हे त्यावरून कळते. त्या घाट चढवून आणणाऱ्याच्या खांद्यावरचे घट्टे मात्र कुठल्याच साठ्यात सापडत नाहीत.

आमच्या बोरिवलीच्या उत्तरेला सोपारा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या बंदराची नोंद आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उघडला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि सोन्याची सुमारे तीनशे फुले. आणि त्या सोन्याच्या करंडकात काय? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. घरातला साठा पुरणारा तो पुन्हा उकरण्यासाठी पुरतो. हा ठेवा परत न घेण्यासाठी पुरलेला. करंडकाभोवतीच्या आठ मूर्ती शैलीवरून नाण्याच्या शेकडो वर्षांनंतरच्या ठरतात. म्हणजे मधे कुणीतरी तो उघडला असावा, भर घातली असावी आणि सोन्याला हात न लावता पुन्हा झाकला असावा.

पेशवाईत पुण्याच्या अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात मडके अडकवावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले. त्याच मातीचे खापर याच मुलखात एके काळी सोन्याच्या पोटात ठेवण्याच्या योग्यतेचे होते.

पण सोपाऱ्याचा दाताही श्रीमंतच असणार. म्हणून मी विद्यार्थ्यांना कान्हेरीला नेतो. तिथे व्यापाऱ्यांचे लेख पुष्कळ: लेणी, पाण्याच्या पोढी, कायमच्या ठेवी. त्यांत एक लेख कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराचा आहे. त्याने दान दिली ती एक वाट. त्याच्या घरी पुरण्याजोगे काही होते की नाही, कोण जाणे.

गेल्या खेपेला एका मुलाने विचारले, “सर, ती वाट त्याने पैसे देऊन करवली, की स्वतः फोडली?” त्याचे वडील बिगारी आहेत. लेखात तेवढे लिहिलेले नाही.