जंतूंचं विरजण

जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये बाबांच्या पायाला सळई लागली. जखम चिघळली आणि पहिल्या गोळ्या लागूच पडल्या नाहीत. "पण बाबांनी हे औषध आधी कधी घेतलंच नव्हतं!" मी म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "सवय बाबांना नाही, जंतूंना लागते."

मग मी वाचत सुटलो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन देशातच बनू लागलं, तो काळ मोठ्या आशेचा होता. पण १९५९ साली जपानमध्ये अकिबा आणि ओचिआई यांच्या लक्षात आलं, की आतड्यातले साधे जंतू हगवणीच्या जंतूंना औषध पचवायची ताकद देतात. ती ताकद असते प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यावर. दोन जंतू जवळ आले की त्याची नक्कल पलीकडे जाते. शेजारणीला विरजण द्यावं तसं: देणाऱ्याचं काही कमी होत नाही आणि घेणाऱ्याचं सगळं दूध बदलतं.

या देवाणघेवाणीला गोठा आणि घर वेगळं नसतं. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचं राखीव औषध, पण जनावरं लवकर वाढावीत म्हणून ते खाद्यातही मिसळलं जाई. २०१५ साली चीनमध्ये त्याला दाद न देणारं एमसीआर-१ हे जनुक डुकरांत सापडलं आणि रुग्णांतही. तेही प्लाझ्मिडवरच. भारताने २०१९ मध्ये कोंबड्या आणि दुभत्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

औषध बदलल्यावर बाबांची जखम भरली. परवा शेजारच्या मावशी पहिल्या, उरलेल्या गोळ्या मागायला आल्या. त्यांच्या कोंबड्या आजारी होत्या. मी गोळ्या दिल्या नाहीत, विरजणाची गोष्ट सांगितली. त्यांना ती माझ्यापेक्षा लवकर कळली.