आजीचे पानदान

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या खुलताबादच्या घरी एक तंटा हमखास उपस्थित होतो. तो आजीच्या पानदानाचा. आजोबा निजामी अमदानीत महसूल कचेरीत कारकून होते. बिदर आणि औरंगाबाद तेव्हा एकाच राज्यात होती (ही सोय १९५६ साली संपली), आणि बिदरच्या एका फेरीत त्यांनी हे पानदान आणले. आज त्याचा काळा रंग उडून झाकण राखेसारखे झाले आहे, चुन्याचे पांढुरके डाग पडले आहेत, आणि एका वेलीची चांदीची तार उचकटली आहे.

यंदा सूनबाई म्हणाली, "बाबा, एकदा उजळून आणा ना! पाहुण्यांपुढे ठेवायला कसेसेच वाटते."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. पानदान फडक्यात गुंडाळून मी शहरातल्या एका कारागिराकडे गेलो.

बिदरीची सारी गंमत त्या काळ्या रंगात आहे. जस्तात थोडे तांबे घालून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती नवसागरात कालवून तापल्या भांड्यावर चोळतात. जस्त काळे पडते, चांदी मात्र तशीच राहते. कारागीर म्हणाला, "काका, घासून पुन्हा माती लावू. नवे होईल बघा!"

त्या 'नवे' शब्दाशी मी अडखळलो. घासायचे म्हणजे तार तेवढी झिजणार. शिवाय मला अजिंठ्याची आठवण झाली. तेथील भित्तिचित्रांचे पोपडे गळू लागले, तेव्हा निजाम सरकारने १९२० साली लोरेंझो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला साहाय्यकासह बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीशी पुन्हा जखडला. हे त्यांचे उपकारच म्हणायचे; नाहीतर पुष्कळ चित्रे आज जमिनीवर माती होऊन पडली असती. परंतु चित्रांवर चढवलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला, मूळचे रंग त्याखाली झाकोळले, आणि तो काढण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षे गेली. तीच माणसे आणि तीच भिंत, पण एक काम तारणारे ठरले आणि दुसरे निस्तरावे लागले.

आमच्या गावातही एक उदाहरण आहे. औरंगजेबाची कबर मुळात अगदी साधी. भोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकात निजामाने बसवली. आता येणारा पाहुणा आधी ती जाळीच पाहतो!

मी कारागिराला म्हटले, "तार तेवढी ठोकून बसवा. बाकी कशाला हात लावू नका."

"मग चमक कुठली येणार, काका?" तो खट्टू झाला. पैसेही त्याने फारच थोडे घेतले.

घरी आल्यावर सूनबाईने झाकण उलटसुलट करून पाहिले. "हे तर होते तसेच आहे!"

मी तिला झाकणाच्या कडेची एक जागा दाखवली. तिथला काळा रंग बोटाएवढ्या खळगीत साफ गेला आहे. झाकण उघडताना आजीचा अंगठा तिथे टेकत असे. सूनबाईने आपला अंगठा तिथे ठेवून पाहिला, मग काही न बोलता खोबरेल तेलाचा हात फिरवून पानदान फराळाच्या ताटांशेजारी मांडले.